विद्यार्थी म्हणून आले, करवीरकर झाले

करवीरनगरी आणि जैन समाज यांचे नाते फार जुने आहे. शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात, राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने येथे रूपनारायण बस्ती उभारली आणि माघनंदी आचार्यांसारख्या विद्वान मुनींच्या वास्तव्याने हे नगर दूरवर ज्ञात झाले. शुक्रवार पेठेतील लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ त्या परंपरेची आजही साक्ष देतो. असे असले तरी आज कोल्हापुरात राहणाऱ्या जैन कुटुंबांपैकी अनेकांचा इतिहास बाराव्या शतकापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो शिरोळ, हातकणंगले, कागल, चिकोडी, रायबाग या तालुक्यांतील एखाद्या खेड्यातून, पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि शिदोरी घेऊन निघालेल्या एका मुलापासून. तो मुलगा शिकण्यासाठी आला आणि येथेच राहिला. त्याच्या मागोमाग धाकटा भाऊ आला, पुढे पुतण्या आला, कालांतराने बहीण आणि लेकही आली. कोल्हापूरच्या जैन समाजाचा अलीकडचा इतिहास हा बऱ्याच अंशी या विद्यार्थ्यांच्या स्थलांतराचा इतिहास आहे.

विद्यानगरीची पायाभरणी

छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) यांचे १८७० साली परदेश प्रवासात असताना इटलीतील फ्लॉरेन्स येथे अकाली निधन झाले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या शाळेला जोडून १८८० साली महाविद्यालयाचे वर्ग सुरू झाले आणि राजाराम कॉलेज अस्तित्वात आले. त्या काळी दक्षिण महाराष्ट्रातील मुलाला उच्च शिक्षण घ्यायचे तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. भवानी मंडपाजवळच्या त्या देखण्या दगडी इमारतीने हे अंतर एकदम कमी केले. १८९१ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला. १८९५ साली राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसविली. गुळाच्या गाड्या घेऊन शेतकरी बाप शाहूपुरीत येऊ लागला आणि त्याच गाडीत बसून त्याचा मुलगाही शहर पाहू लागला. बाजारपेठ आणि विद्यालय एकाच गावात असणे ही गोष्ट शेतकरी समाजाच्या दृष्टीने फार मोलाची ठरली.

तथापि कॉलेज निघाले म्हणजे शिक्षण मिळाले, असे होत नाही. खेड्यातून येणाऱ्या मुलापुढे पहिला प्रश्न पुस्तकाचा नव्हता, तो भाकरीचा आणि छपराचा होता. ज्या समाजांची शहरात पिढ्यान्‌पिढ्यांची घरे होती, त्यांच्या मुलांना नातलगांचा आधार मिळे, वार लावून जेवण्याची सोय होई. दक्षिणेकडील जैन समाज बहुतांशी शेती करणारा. त्याची घरे गावात, नातीगोती गावात. शहरात ओळखीचे दार नाही. त्यातच आहाराचे नियम कडक. पाणी गाळून घ्यायचे, कंदमुळे वर्ज्य, सूर्यास्तानंतर अन्नग्रहण नाही. खानावळीत हे सारे कोण सांभाळणार? परिणामी कित्येक हुशार मुले मराठी चौथी-पाचवीनंतर गावीच थांबत आणि बैलजोडीमागे उभी राहत.

बोर्डिंगची कल्पना

ही अडचण समाजातील जाणत्या मंडळींनी वेळीच ओळखली. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची, म्हणजेच आजच्या दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली. कुरुंदवाड येथे १८७८ साली जन्मलेले, उच्च विद्याविभूषित असे अण्णासाहेब लठ्ठे हे या चळवळीतील अग्रणी होते. ते स्वतः राजाराम कॉलेजात इंग्रजीचे अध्यापक होते. खेड्यातील मुलगा शहरात आल्यावर त्याची कशी तारांबळ उडते, हे ते रोज पाहत होते.

त्याच सुमारास राजर्षी शाहू महाराजही याच प्रश्नाशी झुंजत होते. सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढण्याचा प्रयोग त्यांनी १८९६ साली करून पाहिला. मात्र त्याचा लाभ मागे राहिलेल्या समाजांपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा प्रत्येक समाजाने आपल्या मुलांसाठी पुढे यावे आणि संस्थानाने जागा, इमारत व वार्षिक अनुदान देऊन पाठबळ द्यावे, असा मार्ग महाराजांनी स्वीकारला. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढे १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०७ साली वीरशैव लिंगायत विद्यार्थी वसतिगृह, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी मालिकाच उभी राहिली. दसरा चौकाच्या परिसरात फेरफटका मारला तर ही परंपरा आजही नजरेस पडते. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हटले जाते, ते याच कारणाने.

मुंबईत दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी आपल्या वडिलांच्या नावे जैन विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारले होते आणि त्यांच्या कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रमाच्या द्वारे स्त्रीशिक्षणाचे कार्य हाती घेतले होते. मंदिरासाठी सढळ हाताने देणाऱ्या समाजाने विद्यार्थ्याच्या ताटासाठीही द्यावे, हा विचार त्या काळी नवा होता. चतुर्विध दानात आहारदान आणि शास्त्रदान ही दोन्ही आहेत. बोर्डिंगच्या रूपाने ती दोन्ही दाने एकाच छपराखाली आली.

गाव आणि शहर यांच्या मधली ओसरी

बोर्डिंगने विद्यार्थ्याला केवळ खोली दिली असे नाही, त्याला शहराची सवय लावली. घरी कानडी बोलणारा मुलगा येथे मराठीत वाद घालू लागला आणि इंग्रजीत निबंध लिहू लागला. पहाटेचे णमोकार स्मरण, बस्तीचे दर्शन, दिवे लागण्यापूर्वीची जेवणाची घंटा या गोष्टींनी त्याचे गाव त्याच्याजवळ राहिले. फाटकाबाहेर मात्र एक अत्यंत चैतन्यमय शहर त्याची वाट पाहत होते. तालमींचे आखाडे, १९१२ साली बांधलेले खासबागेचे कुस्त्यांचे मैदान, १९१५ साली उभे राहिलेले आणि पुढे केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ख्यातकीर्त झालेले पॅलेस थिएटर, रंकाळ्याच्या काठावरची सायंकाळ, पंचगंगेचा घाट, चित्रपटांचे स्टुडिओ आणि चौकाचौकांतल्या सभा! कुस्ती, गायन, नाटक आणि चित्रपट यांचे वेड असलेल्या या नगरात अभ्यासाला बसणे हीच एक तपश्चर्या होती.

त्यात एक व्यावहारिक पेचही होता. शहराचा खरा रंग सूर्यास्तानंतर चढे आणि बोर्डिंगचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपलेले असे. स्नेहसंमेलनाचा फराळ, नाटकानंतरचा चहा, मित्रांबरोबरची रंकाळ्यावरची भेळ यांपैकी काय स्वीकारावे आणि काय नाकारावे, हे प्रत्येकाला स्वतःच ठरवावे लागे. आईवडिलांच्या देखरेखीत पाळलेला नियम आणि कोणी पाहत नसताना पाळलेला नियम यांतील फरक अनेकांना येथेच प्रथम समजला. काहींनी नियम सैल केले, काहींनी अधिक घट्ट केले. दोन्ही प्रकारचे विद्यार्थी पुढे याच शहरात शेजारी शेजारी संसार करू लागले, ही गोष्ट समाजाच्या समजूतदारपणाची द्योतक आहे.

दार बंद झाले, तेव्हा

बोर्डिंगचा इतिहास सांगताना केवळ गौरवाची पाने वाचून चालणार नाही. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेला भाऊराव पायगोंडा पाटील हा मुलगा कोल्हापुरात शिकत असताना याच जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला तो हजर राहिला. परतल्यावर स्नान करूनच भोजनगृहात प्रवेश करावा, असा आदेश त्याला मिळाला. बोर्डिंगची व्यवस्था तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. माणसांच्या संगतीने विटाळ होतो हे भाऊरावांना मान्य नव्हते. त्यांनी स्नानास नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले.

पुढे १९१४ साली कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासल्याचे प्रकरण घडले आणि त्याचा संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले, त्यांना तुरुंगवास घडला, त्यांचा अतोनात छळ झाला. ज्या गृहस्थांनी आपल्याला ताटावरून उठविले, त्यांच्याविरुद्ध दोन शब्द बोलले असते तर सुटका झाली असती. भाऊराव बोलले नाहीत. जीव देण्याच्या टोकापर्यंत गेले, पण असत्य बोलले नाहीत. सत्य आणि अहिंसा या व्रतांवर प्रवचने पुष्कळ होतात. कोल्हापूरच्या तुरुंगात एका जैन तरुणाने ती व्रते कशी पाळली, हे समाजाने विसरता कामा नये.

भाऊरावांचे विद्यापीठीय शिक्षण झाले नाही. परंतु बोर्डिंग काय करू शकते आणि कोठे चुकते, हे दोन्ही ते कोल्हापुरात शिकले. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीत जेवत. या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव देण्यात आले. दार बंद झाल्याचे दुःख कडवटपणात न जाता हजारो मुलांसाठी दारे उघडण्यात कसे परिणत होते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही.

लठ्ठे यांच्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. ते त्यांच्या काळाच्या रूढींतून पूर्णतः सुटले नव्हते. तरीही शेकडो शेतकरी मुलांना शहराचे दार त्यांच्यासारख्यांच्या परिश्रमानेच उघडले. शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र त्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केले. ज्या संस्थानात त्यांच्यावर संशयाची छाया पडली होती, त्याच संस्थानाचे ते १९२६ साली दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

येथेच राहिलेले प्राध्यापक

शिकून परत जाणाऱ्यांची संख्या मोठी होती, तसे येथेच कायमचे राहणारेही होते. त्यांतील सर्वांत तेजस्वी नाव म्हणजे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. चिकोडी तालुक्यातील सदलगा येथे १९०६ साली जन्मलेल्या उपाध्ये यांनी १९३० साली राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापन सुरू केले आणि तीन दशकांहून अधिक काळ ते केले. त्या वेळी याच कॉलेजात ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवीत होते आणि माधव ज्यूलियन फारसी शिकवीत होते. अशा विद्वत्सभेत सदलग्याच्या पुरोहित कुळातील हा तरुण प्राकृत भाषेचा झेंडा घेऊन उभा राहिला.

कुंदकुंदाचार्यांच्या ‘प्रवचनसार’ या ग्रंथाची त्यांची संपादित आवृत्ती १९३५ साली आणि योगींदूंच्या ‘परमात्मप्रकाश’ची १९३७ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या इंग्रजी प्रस्तावनांनी युरोपातील पंडितांचेही लक्ष वेधले. डॉ. हिरालाल जैन यांच्यासमवेत त्यांनी केलेले ग्रंथसंपादनाचे काम तर पिढ्यांना पुरणारे आहे. ताडपत्रावरील प्राचीन कानडी लिपी वाचणे, पाठभेद जुळविणे, एकेका गाथेसाठी दूरदूरच्या भांडारांशी पत्रव्यवहार करणे हे सारे त्यांनी कोल्हापुरात बसून केले. मठांच्या काळोख्या कपाटांतील ग्रंथ कॉलेजच्या वर्गात आले, ही या नगराने जैन विद्येला दिलेली मोठी देणगी होय. १९७५ साली त्यांचे निधन झाले. विद्यानगरीत स्थायिक होणे म्हणजे केवळ घर बांधणे नव्हे, तेथील विद्येत आपली भर घालणे होय, हे त्यांच्या जीवनाने दाखवून दिले.

टेकडीवरचे विद्यापीठ आणि शहरातले बिऱ्हाड

१९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत चिकोडी, रायबाग हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. एकाच नात्यागोत्यातील घरे दोन राज्यांत विभागली गेली. तरीही सीमेपलीकडील मुलांची कोल्हापूरची वाट मोडली नाही, कारण ती सोयरिकीची आणि बाजाराची वाट होती.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले आणि इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. सागरमाळाच्या उघड्या माळरानावर आठशेहून अधिक एकरांचा परिसर आकारास आला. त्याआधी येथील महाविद्यालये प्रथम मुंबई आणि १९४९ नंतर पुणे विद्यापीठाशी संलग्न होती. आता पदवीचा कागद घराजवळ मिळू लागला. विवेकानंद, गोखले, कमला, महावीर या महाविद्यालयांनी आणि पुढे अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांनी शहराचा चेहराच पालटला.

स्थलांतराची तऱ्हाही बदलली. पूर्वी एकटा मुलगा येई, आता बिऱ्हाड येऊ लागले. राजारामपुरीच्या गल्ल्यांत किंवा शाहूपुरीत दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, आईने किंवा आजीने मुलांजवळ राहायचे आणि वडिलांनी गावाकडे शेती सांभाळायची, अशी व्यवस्था शेकडो कुटुंबांनी केली. ज्यांना तेही परवडत नसे, त्यांच्या मुलांचा डबा पहाटेच्या एस.टी.ने गावाहून येई. भाकरीच्या त्या डब्याने कोल्हापूर परिसरातील किती पदवीधर घडविले, याची मोजदाद करणे अशक्य आहे. पहाटे चारला चूल पेटविणाऱ्या त्या मातांचे नाव कोणत्याही फलकावर नाही. हा इतिहास त्यांच्याशिवाय अपुरा आहे.

मुलींची वाट अधिक बिकट होती. मुलासाठी बोर्डिंग होते, मुलीसाठी नातलगाचे घर असेल तरच शिक्षण. म्हणून शहरात प्रथम स्थायिक झालेल्या घरांचे महत्त्व फार. एका काकूने किंवा आत्याने आपल्या दोन खोल्यांत भाचीला जागा दिली आणि त्या मुलीबरोबर पुढच्या दोन पिढ्यांचे शिक्षण निश्चित झाले, असे अनेक घरांत घडले.

जमा आणि खर्च

उसाच्या पैशातून भूखंड घेतले गेले, बंगले झाले, डॉक्टर, वकील, प्राध्यापक, अभियंते, उद्योजक अशी मंडळी समाजात निर्माण झाली. ही जमेची बाजू झाली. खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गावाकडच्या वाड्यांना कुलपे लागली. पर्युषणात आणि दसलक्षण पर्वात जेथे पाय ठेवायला जागा नसे, अशा काही बस्त्यांत आता नित्यपूजेपुरती मोजकीच माणसे उरली. आजीची कानडी नातवाला समजेनाशी झाली. वडील गावी एकटे आणि मुले शहरात, हे चित्र आता पुढच्या टप्प्यावर गेले आहे. आज आईवडील कोल्हापुरात एकटे आहेत आणि मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशी. ज्या नगराला पूर्वजांनी ध्येय मानले, ते नगर नव्या पिढीच्या दृष्टीने निघण्याचे ठिकाण झाले आहे. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पत्र्याची ट्रंक घेऊन निघालेल्या आजोबांनीही हेच केले होते.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. आजही दरवर्षी जून-जुलैमध्ये कोल्हापूरच्या बसस्थानकावर खेड्यातील मुले आणि मुली उतरतात. त्यांच्या हाती ट्रंकेऐवजी पाठीवरची पिशवी असते, पण प्रश्न तोच असतो. राहायचे कोठे आणि जेवायचे काय? खोल्यांची भाडी वाढली आहेत, कॉट बेसिसवर मिळणाऱ्या जागेत अभ्यासाला शांतता नाही, सूर्यास्तापूर्वी जेवण देणारी खानावळ आजही दुर्मिळ आहे. कोल्हापुरात स्थिरावलेल्या प्रत्येक घराच्या मुळाशी कोणीतरी दिलेली एक खोली, एक ताट किंवा एक शिष्यवृत्ती आहे. ते ऋण ज्यांच्याकडून घेतले, त्यांना परत करता येत नाही. ते पुढे येणाऱ्यालाच द्यावे लागते.

आणि ते देताना कुंभोजच्या भाऊरावांची आठवण ठेवावी लागते. दारात उभा असलेला मुलगा कोणाच्या पंक्तीतून उठून आला आहे, हे न विचारता त्याला आत घेणे हा धडा या नगराने समाजाला फार मोठी किंमत घेऊन शिकविला. सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेच्या हिशेबात इमारती, ठेवी आणि कार्यक्रम यांची नोंद असतेच. पण पन्नास वर्षांनी शताब्दीची स्मरणिका कोणी लिहावयास घेईल, तेव्हा आज बसस्थानकावर उतरलेल्या मुलांपैकी किती जणांना समाजाने आपल्या घरात घेतले, हीच नोंद तो प्रथम शोधेल.